मुखपट्टी आणि माजघर

सरकारी कचेरीत लेखणी चालवणाऱ्या माणसाच्या हातून दोन प्रकारचे लिखाण घडते. एक कचेरीतून कचेरीत जाते. त्याला जावक क्रमांक मिळतो, त्यावर शेरे पडतात, आणि उत्तर उशिरा का होईना, येतेच. दुसरे कचेरीतून गावात जाते. चावडीच्या भिंतीवर डकवले जाते, ग्रामपंचायतीच्या कर्ण्यावरून ऐकवले जाते, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या औषधवाटपाच्या खिडकीशी टांगले जाते, आणि त्याचे पुढे काय झाले याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडत नाही. ती पाहायची तर उठून फिरतीवरच जावे लागते. जिल्हा परिषदेच्या आरोग्य खात्यात माझी उभी नोकरी या दुसऱ्या प्रकारच्या लिखाणात गेली, आणि तिच्या अखेरच्या वर्षांत मुखपट्टीविषयीच्या सूचना लिहिण्याचे, छापवून घेण्याचे व गावोगाव पोचवण्याचे काम माझ्याकडे आले. त्या कामात जे पाहिले, त्यातून सार्वजनिक सूचनेची हद्द कुठवर असते आणि ती ओलांडायची तर कोणाच्या पावलांनी ओलांडावी लागते, याविषयी माझे एक मत बनले. ते मांडावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमच्या लिखाणाला एरवी ऋतुमान असते. पावसाळ्यापूर्वी हिवताप आणि अतिसार, पुढे क्षयरोग व कुष्ठरोग यांच्या शोधमोहिमा, मधूनच पोलिओचा रविवार. गेल्या वर्षीचा मसुदा काढावा, तारखा बदलाव्यात, आकडे ताजे करावेत आणि छापखान्याकडे धाडावा, असा शिरस्ता. ९ मार्च २०२० रोजी पुण्यात राज्यातील पहिले कोरोनाबाधित आढळले, आणि ज्याचा गेल्या वर्षीचा मसुदाच उपलब्ध नाही असा विषय मेजावर येऊन पडला.

त्या दिवसांत मुखपट्टीविषयी आलेला पहिला सल्ला असा होता, की ज्याला ताप-खोकला आहे त्याने, त्याची शुश्रूषा करणाऱ्याने आणि दवाखान्यातील कर्मचाऱ्यांनीच ती वापरावी. निरोगी माणसाला तिचे प्रयोजन नाही. जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे हेच होते आणि केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचेही. त्यामागे दोन विचार होते. निरोगी माणसाला पट्टीचा लाभ होतो असे म्हणण्याजोगा पुरावा हाती नव्हता, हा एक. आणि धास्तावलेल्या लोकांनी दुकाने रिकामी केली तर डॉक्टर-परिचारिकांच्या तोंडाला बांधायला काही उरणार नाही, हा दुसरा. १३ मार्चला केंद्र सरकारने मुखपट्ट्या आणि सॅनिटायझर यांना जीवनावश्यक वस्तूंच्या कायद्याखाली आणले, यावरून टंचाईचा अंदाज यावा. एप्रिल उजाडला तो सल्ल्याने कूस बदलली. घराबाहेर पडताना घरी शिवलेली कापडी पट्टी प्रत्येकाने लावावी असे केंद्राने सुचवले, ८ एप्रिलला मुंबई महानगरपालिकेने मुखपट्टी सक्तीची केली, आणि पाठोपाठ जिल्ह्याजिल्ह्यांतून तसेच हुकूम निघाले. चावडीच्या भिंतीवर मार्चचे पत्रक अजून वाळले नव्हते, तोच त्याच्याशेजारी त्याच्या उलट अर्थाचे पत्रक लागले.

साहजिकच फिरतीवर गेलो, की पारावरचा कोणी ना कोणी हटकून विचारी, ‘‘साहेब, मागल्या म्हैन्यात तुम्हीच लिवलं हुतं, धडधाकट माणसाला नको म्हणून. मग आता आम्ही काय समदं आजारी पडलो व्हय?’’ या प्रश्नात खोडसाळपणा होता तसा न्यायही होता, आणि त्याला उत्तर देणे मला कधी जड गेले नाही. दुष्काळात टँकर आला म्हणजे पहिल्या घागरी कोणाच्या भरायच्या, हे ज्या गावांनी उन्हाळ्यामागून उन्हाळे ठरवले आहे त्यांना, तयार माल थोडा होता तेव्हा तो दवाखान्यांसाठी राखला आणि आता घरच्या कापडाची पट्टी शिवली तर कोणाच्या वाट्याला हात लागत नाही, ही गोष्ट दोन वाक्यांत पटत असे. शास्त्र बदलते याचा लोकांना राग येतो असे पुष्कळ विद्वानांनी त्या काळात लिहिले. मला भेटलेल्या लोकांना शास्त्राच्या बदलाचा राग आला नव्हता. कारण न सांगता बदल कळवला जातो, याचा आला होता.

एप्रिल-मे महिन्यांत बचत गटांच्या स्त्रियांनी शिवणयंत्रे बाहेर काढली. ‘उमेद’ अभियानातील गटांनी राज्यभर मुखपट्ट्या शिवल्या ही गोष्ट सर्वश्रुत आहे. मी ती एका शाळेच्या व्हरांड्यात जवळून पाहिली. मांजरपाट आधी भिजवून, कडक उन्हात वाळवून, मगच बेतायचा, म्हणजे पहिल्या धुण्यात पट्टी आटत नाही. तीन चुण्या खाली तोंड करून घालायच्या, म्हणजे त्यांत धूळ साठत नाही. इलॅस्टिक तालुक्याच्या बाजारातून नाहीसे झाले होते, म्हणून त्यांनी परकराची नाडी लावली. कानांवर अडकवण्याऐवजी डोक्यामागे वर-खाली दोन गाठी मारायच्या. हा निरुपायाचा तोडगा विकतच्या पट्टीहून सरस ठरला, कारण नाडीने बांधलेली पट्टी गालांना घट्ट बसते आणि बोलताना सहज हनुवटीखाली सरकत नाही. गटाच्या अध्यक्ष असलेल्या बाई शिवून झालेली प्रत्येक पट्टी अंगणातल्या उन्हाकडे धरून पाहत; पलीकडचा उजेड दिसला की ती परत यंत्राकडे जाई, ‘‘आणखी एक घडी घाला गं’’ एवढ्याच शेऱ्यासह. ५ जूनला जागतिक आरोग्य संघटनेने आपला सल्ला बदलून सर्वसामान्यांसाठी तीन पदरी कापडी पट्टीची सविस्तर रचना सांगितली, त्यात आत सुती, मध्ये न विणलेले पॉलिप्रॉपिलीन आणि बाहेर पाणी न शोषणारे कापड असे थर होते. मधल्या थराचे सामान आमच्याकडे नव्हते. परंतु पदर किती दाट असावा, याचा निवाडा त्या व्हरांड्यात आधीच होऊन गेला होता. उन्हाकडे धरून पाहण्याची ती रीत मी पुढच्या पत्रकात जशीच्या तशी घातली, आणि त्या पत्रकातील तेवढीच ओळ लोकांच्या तोंडी राहिली.

इथवर सारे सरळ होते. गुंता सुरू झाला तो पावतीपुस्तकांबरोबर. सक्ती म्हटली की दंड आला, दंड म्हटला की वसुली आली, आणि वसुली म्हटली की ती जिथे सोयीने होईल अशी जागा शोधणे आले. कुठे शंभर, कुठे दोनशे, कुठे पाचशे. मुंबईत तर आरंभी हजार रुपये होते, ते सप्टेंबर २०२०मध्ये दोनशेवर आले. जागा मात्र सर्वत्र एकच, रस्ता. गावाच्या शिवेवर, बाजारपेठेच्या तोंडाशी, तालुक्याच्या नाक्यावर ग्रामपंचायतीचा शिपाई, पोलीस किंवा नगरपालिकेचा माणूस पुस्तक घेऊन उभा राही. मोकळ्या माळावरून वाऱ्याच्या तोंडाने मोटारसायकलीवर एकटा येणारा शेतकरी तिथे अचूक सापडे; त्याच्या मागून येणाऱ्या जीपमध्ये मांडीला मांडी लावून बसलेली माणसे नाका दिसताच रुमाल वर ओढत आणि नाका मागे पडताच खाली करत. अल्पावधीतच मुखपट्टीचा संबंध श्वासाशी कमी आणि पावतीशी अधिक जडला. घरून निघताना ‘मास्क घेतला का’ असे विचारणारी आई मुलाच्या प्रकृतीची काळजी करत होती की दोनशे रुपयांची, हे तिचे तिलाही सांगता आले नसते.

आणि याच लोकांच्या घरी गेल्यावर जे दिसे, ते या साऱ्याच्या नेमके उलट असे. मुंबई-पुण्याहून परतलेल्या पुतण्याला पाहायला आलेली भावकी माजघरात दाटीने बसलेली, बायामाणसे स्वयंपाकघराच्या दारात, चहाचे कप फिरताहेत, आणि सर्वांच्या पट्ट्या दाराबाहेरच्या खुंटीवर वहाणांच्या वर ओळीने टांगलेल्या. साखरपुडा, बारसे, दहावा, आजाऱ्याची विचारपूस, या प्रसंगी पट्टी काढणे ही आपलेपणाची खूण होऊन बसली. ती लावून बसणारा माणूस यजमानावर संशय घेतो असा त्याचा अर्थ होई. रस्ता दंडाला सोयीचा आणि संसर्गाला गैरसोयीचा. माजघर संसर्गाला सोयीचे आणि दंडाला बंद. आमची सारी मोहीम या दोन जागांच्या मध्ये कुठेतरी फसली होती.

हे केवळ आमच्या जिल्ह्यात घडत होते असे नव्हे. मोटारीत काचा लावून एकट्याने जाणाऱ्या माणसालाही मुखपट्टी बंधनकारक आहे, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०२१मध्ये दिला. दिल्लीच्या प्रशासनाने ती अट फेब्रुवारी २०२२मध्ये काढून टाकली. ज्याच्यापाशी दुसरा श्वास घेणारा कोणी नाही, त्याच्या तोंडावर पट्टी असावी की नसावी याची चर्चा राजधानीत एवढी गंभीरपणे झाली; ज्या खोलीत पंधरा माणसे एकच हवा पुनःपुन्हा घेत होती, त्या खोलीचा उल्लेख कोणत्याही पावतीवर येऊ शकत नव्हता.

येऊ नये हेही योग्यच होते, आणि त्याचा दाखला आमच्याच इतिहासात आहे. ज्या साथरोग कायद्याच्या आधारे २०२०चे हुकूम निघाले तो १८९७ सालचा. आदल्या वर्षी मुंबईत प्लेग उतरला, तेव्हा घाईने केलेला, अवघ्या चार कलमांचा. त्याच वर्षी पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या हाताखालचे गोरे सोजीर रुग्ण शोधण्यासाठी घराघरांत शिरले, देवघरापर्यंत गेले, आणि त्या संतापाची परिणती २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंच्या हातून रँडच्या वधाच्या प्रयत्नात झाली. त्या जखमांनी तो पुढे मेला. प्लेगचा शोध घरात घेणे वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने अगदीच निराधार होते असे नाही. पण सरकारने उंबरा ओलांडला तो बंदुकीसह, आणि महाराष्ट्र ते विसरला नाही. एकशेतेवीस वर्षांनंतर तोच कायदा हाती घेतलेल्या आमच्या प्रशासनाने उंबऱ्याशी थांबणे पसंत केले, याबद्दल त्याला दोष देता येणार नाही. प्रश्न एवढाच, की हुकूम जिथे थांबतो तिथून पुढे काय जाणार?

कचेरीतल्या बैठकांत हा प्रश्न मी एकदोनदा मांडला. त्या बैठका कशा चालत हे सांगितल्याशिवाय त्याचे काय झाले ते ध्यानात यायचे नाही. सभागृहात वातानुकूलन, म्हणून खिडक्या बंद. खुर्च्यांमध्ये एक-एक खुर्ची सोडलेली. प्रत्येकाच्या तोंडाला पट्टी, आणि वरिष्ठांपैकी काहींच्या पट्टीला पुढे प्लॅस्टिकची झडप. अशी पट्टी आत येणारी हवा गाळते खरी, पण झडपेतून बाहेर जाणारा श्वास न गाळता सोडते, म्हणून या पट्ट्या लोकांनी वापरू नयेत असे केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने जुलै २०२०मध्येच कळवले होते. परंतु त्या महाग होत्या आणि महागपणाला एक वजन असते. ज्याची बोलण्याची पाळी येई तो ध्वनिक्षेपक पुढे ओढी, घसा साफ करी आणि पट्टी हनुवटीखाली घेई; बोलणे संपले की पट्टी वर चढे आणि तो ऐकू लागे. तासभर चाललेल्या बैठकीत ऐकणारे सारे झाकलेले आणि बोलणारा एकटा उघडा, अशी ती व्यवस्था होती, आणि तीत मुखपट्टीच्या अंमलबजावणीचा आढावा घेतला जात असे. आढाव्याचे परिमाण एकच: किती पावत्या फाडल्या आणि किती रक्कम जमा झाली. माजघरातून रक्कम जमा होत नाही, म्हणून तक्त्यात माजघराला रकाना नव्हता.

या सुमारास शास्त्राचेही मत सरकत चालले होते. आरंभीचा सारा भर खोकल्या-शिंकेतून उडणाऱ्या मोठ्या तुषारांवर होता. ते जड असल्याने हात-दोन हातांत खाली पडतात, म्हणून अंतर राखा आणि हात धुवा. पण साधे बोलताना, त्याहून अधिक मोठ्याने बोलताना आणि गाताना, जे अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात ते खाली न बसता हवेत तरंगत राहतात, आणि बंद खोलीत त्यांचा साठा होतो, हे पुराव्यांनिशी पुढे येऊ लागले. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात मार्च २०२०मध्ये एका गायकवृंदाचे एकसष्ट जण अडीच तास तालमीला जमले होते. त्यांपैकी एकाला लक्षणे होती, आणि पुढे बावन्न जण आजारी पडले, दोघे दगावले. जुलैमध्ये दोनशेएकोणचाळीस शास्त्रज्ञांनी हवेतील प्रसाराची दखल घ्या असे जाहीर आवाहन केले. जागतिक आरोग्य संघटनेने गर्दीच्या, कोंदट जागांपुरती ती शक्यता तेव्हा मान्य केली आणि एप्रिल २०२१च्या अखेरीस तसे अधिक स्पष्ट शब्दांत लिहिले. मी हे गावात सांगताना उदबत्तीचा आधार घेई: अंगणात लावलेली उदबत्ती कोणाच्या ध्यानातही येत नाही, आणि देवघराचे दार लावून तीच लावली तर तिचा धूर, ती विझल्यावरही, घरभर राहतो.

गायकवृंदाची हकीकत मी मुद्दाम जपून ठेवली होती, कारण आमच्याकडे प्रत्येक वाडीला भजनी मंडळ आहे. २०२०च्या आषाढीला पायी वारी झाली नाही, संतांच्या पादुका एस.टी.ने पंढरपूरला गेल्या. त्या हळहळीत गावोगावच्या मंडळांनी आपापल्या देवळात रात्री दारे लोटून भजन चालू ठेवले. दारे लोटलेली अशासाठी, की आवाज बाहेर गेला तर पोलीस पाटलाला दखल घेणे भाग पडे. रस्त्यावरच्या हुकुमाने माणसांना बंद जागेत लोटले, असे याहून स्पष्ट उदाहरण मी पाहिले नाही. एका वाडीत त्यांच्याशी बोलायला गेलो तेव्हा मंडळाचे बुवा, ऐंशीच्या घरातले, मला मध्येच थांबवून म्हणाले, ‘‘तोंडावरलं काढा आन् मग बोला. आवाज येतुया, पण बोलणं कळंना. तोंड दिसलं म्हंजी मला कळतंय.’’ निम्मे ऐकणे त्यांनी कानांवरून डोळ्यांवर सोपवले होते, आणि माझ्या पट्टीने ते निम्मे झाकले होते. ‘मुखपट्टी लावूनच बोला’ असे छापताना बहिऱ्या माणसाचा विचार कोणत्याही परिपत्रकाने केला नव्हता. आम्ही सारे उठून देवळाबाहेरच्या पिंपळाखाली आलो, मी चार हात दूर उभा राहून पट्टी उतरवली आणि मोठ्याने बोललो. बोलणे संपल्यावर बुवाच म्हणाले, ‘‘मग भजनबी हितंच करू की. पाऊस आला तर तेवढं आत जाऊ.’’ पोलीस पाटील शेजारीच उभे होते; त्यांनी मान हलवली. त्या वाडीपुरते मार्गदर्शन तिथे पूर्ण झाले, आणि त्यात मुखपट्टीचा वाटा गौण होता, जागेचा प्रमुख.

तथापि प्रत्येक माजघराबाहेर पिंपळ नसतो, आणि दर उंबऱ्याशी मी जाऊ शकत नव्हतो. जाऊ शकत होत्या त्या आशा स्वयंसेविका. सप्टेंबर २०२०मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम निघाली, तेव्हा ऑक्सिमीटर आणि तापमापक घेऊन घरोघर फिरणाऱ्या पथकांतून मी त्यांचे बोलणे बारकाईने ऐकले. पत्रकातले एकही वाक्य त्या जसेच्या तसे उच्चारत नसत. गावची सून असलेली एक आशा दारात उभी राहून घरच्या वडीलधाऱ्या बाईंना म्हणाली, ‘‘आत्याबाई, तुम्ही दिवसभर लावू नका, मी म्हणतच नाही. पण बाजारातनं आल्याव तात्यांच्या खोलीत जाताना तेवढं बांधा, आन् खिडकी उघडी ठेवा. तात्यांचा दमा तुम्हाला ठावा हाय.’’ तीन वाक्यांत कोणी, कुठे, केव्हा आणि कोणासाठी एवढे सगळे आले होते, आणि दंडाचे नावही नव्हते. पुढच्या फेरीला ती पुन्हा त्याच दारात उभी राही आणि विचारी, ‘‘खिडकी उघडी हाय न्हवं?’’ हा पुन्हा विचारण्याचा भाग कोणत्याही भित्तिपत्रकाला साधत नाही. सक्तीच्या घोषणेहून या विचारपुशीत अधिक जरब होती, कारण ती उद्याही येणार हे घराला ठाऊक असे.

माझ्या या निरीक्षणाला पुढे शेजारच्या बांगलादेशातून पुष्टी मिळाली. नोव्हेंबर २०२०पासून तेथील सहाशे खेड्यांत सुमारे साडेतीन लाख प्रौढांवर मोठा प्रयोग झाला. निम्म्या गावांत पट्ट्या मोफत वाटल्या, कारण समजावले, गावच्या पुढाऱ्यांनी व इमामांनी स्वतः लावून दाखवले, आणि माणसे नेमून येणाऱ्या-जाणाऱ्याला सौजन्याने आठवण दिली. मुखपट्टीचा योग्य वापर शेकडा तेरावरून बेचाळीसवर गेला. शस्त्रक्रियेच्या धर्तीच्या पट्ट्या वाटलेल्या गावांत लक्षणांसह होणारी लागण सुमारे अकरा टक्क्यांनी घटली आणि साठीपुढच्यांत घट त्याहून बरीच मोठी होती. कापडी पट्ट्यांचा लाभ मात्र तितका निःसंदिग्ध दिसला नाही. माझ्या दृष्टीने त्याहून उद्बोधक भाग वेगळा होता: गावाला बक्षीस, दूरध्वनीवरचे संदेश, जाहीर प्रतिज्ञा, या उपायांनी अधिक काही साधले नाही; समोर उभे राहून विचारणे हेच कामी आले. पुढे २०२३मध्ये अशा सर्व प्रयोगांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या अहवालावरून ‘मुखपट्टी निरुपयोगी’ अशी हाकाटी झाली. त्या अहवालात परीक्षा झाली ती मुख्यतः पट्टी लावण्याच्या सल्ल्याची, आणि सल्ला पाळणारे पुष्कळ ठिकाणी थोडे होते. कापडाची परीक्षा प्रयोगशाळेत होते, सूचनेची गावात. दोन्हींचे निकाल एकाच रकान्यात भरले की असा घोटाळा व्हायचाच.

फेब्रुवारी २०२१मध्ये अमरावती-अकोल्याकडे दुसऱ्या लाटेची चाहूल लागली आणि एप्रिलपर्यंत ती आमच्या दारात आली. आता रोजच्या अहवालात एकेकट्या रुग्णांऐवजी कुटुंबेच्या कुटुंबे येऊ लागली. चार खणांच्या घरात विलगीकरण म्हणजे मध्ये बांधलेले लुगडे. २६ एप्रिलला नीती आयोगाचे सदस्य डॉ. व्ही. के. पॉल यांनी, आता घरातही मुखपट्टी लावण्याची वेळ आली आहे, असे जाहीरपणे सांगितले. वर्षभर रस्त्यावर उभी असलेली सूचना त्या दिवशी अधिकृतरीत्या घरात आली. ती घराघरांत नेऊन पोचवणे पुन्हा आशांच्याच गळ्यात पडले, आणि त्याच वर्षी जूनमध्ये राज्यातील सत्तर हजारांच्या आसपास आशा मानधनासाठी संपावर गेल्या, हे या हकीकतीतून वगळता येण्याजोगे नाही. संपाच्या त्या दिवसांत आमच्या छापखान्याने पत्रके वेळेवर दिली, गाडीने ती आरोग्य केंद्रांवर वेळेवर उतरवली, आणि गठ्ठे सुतळीनिशी तसेच पडून राहिले.

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याच्या दिवशी, राज्यातील निर्बंध उठले आणि मुखपट्टी ऐच्छिक झाली. सेवानिवृत्तीपूर्वी मेजाचा ताबा देताना आपल्या विषयाची एक टिपणी ठेवण्याची आमच्याकडे पद्धत आहे. मी लिहिले, की पुढच्या साथीत मुखपट्टीविषयी सूचना काढताना ‘घराबाहेर पडताना’ या शब्दांनी वाक्य सुरू करू नये. जागा आणि माणसे सांगावीत, म्हणजे बंद खोली, भरलेली जीप, आजाऱ्याची उशी, बोलणारा आणि गाणारा. मोकळ्या रानातील एकट्या माणसाला सूचनेतून स्पष्ट शब्दांत वगळावे, म्हणजे उरलेल्या सूचनेवर त्याचा विश्वास बसेल. सल्ला बदलला तर कारण त्याच पत्रकात, त्याच टाइपात छापावे. ऐकू कमी येणाऱ्यांसाठी काय करायचे ते त्यात असावे. दंडाचा हिशेब अंमलबजावणीच्या तक्त्यात न धरता महसुलाच्या तक्त्यात धरावा, कारण तो तिथलाच आहे. आणि ज्यांच्या बोलण्याने ही सूचना उंबरा ओलांडते त्या आशांचे मानधन सूचना निघण्यापूर्वी अदा झाले आहे, अशी खातरजमा मसुद्यावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याने करावी. टिपणी वाचून माझ्या जागी आलेल्या तरुण सहकाऱ्याने विचारले, की शेवटच्या कलमाचा आपल्या मेजाशी काय संबंध. ते तर लेखा शाखेचे काम. मी त्याला सांगितले, की छपाईचे देयक आपण याच मेजावरून काढतो आणि त्याला उशीर होऊ देत नाही. पत्रक ज्या पावलांनी माजघरात जाते, त्यांचे देयकही याच मेजावर धरावे.